ओल्या बारदान्यातली पट्टी

पांढुर्णा
१२ ऑक्टोबर २०२५

दादा,

आधी फक्त घडलं ते लिहिते. मत नंतर.

१. गेल्या जानेवारीत तुझ्या कंपनीनं सौंसर रोडवरच्या यशवंतरावांच्या नर्सरीला संत्र्याची कलमं बांधायची नवी पट्टी दिली. खुंटाच्या सालीत बसवलेला संत्र्याचा डोळा जीव धरेपर्यंत ती घट्ट राहील, मग आपोआप विरून मातीत जाईल, असं सांगितलं गेलं. कापायची कटकट नाही, प्लास्टिकचा कचरा नाही.

२. बांधणाऱ्या तिघी होत्या: शांताबाई, म्हणजे आपली आई, गुलाबकाकू, आणि देवकाबाई.

३. पट्टी दीड महिना टिकायला हवी होती. दुसऱ्या आठवड्यातच ती सैल पडली. डोळे उघडे पडले आणि वाळले. त्या वाफ्यांतली बहुतेक कलमं गेली. शेजारच्या वाफ्यांत याच तिघींनी नेहमीच्या प्लास्टिकनं बांधलेली कलमं जगली.

४. एप्रिलमध्ये कंपनीचा अहवाल आला. त्यातलं वाक्य: “अपयशाचे कारण, स्थानिक अकुशल महिला मजुरांनी केलेली सदोष बांधणी.” खाली सही तुझी. यशवंतरावांनी तो अहवाल नर्सरीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला.

५. ते वाक्य खोटं आहे. पट्टी सैल पडली, कारण तिच्यात एन्झाइम राहिलं होतं आणि ती ओल्या बारदान्यात ठेवली गेली. या दोन गोष्टी एकत्र आल्या तर काय होईल, हे मी, तेव्हा तुझ्याच कंपनीत असताना, तुला डिसेंबरमध्येच लेखी कळवलं होतं.

६. या हंगामात सौंसर-पांढुर्ण्याच्या एकाही नर्सरीनं तिघींपैकी कुणाला बांधणीसाठी विचारलेलं नाही.

घडलं ते इथे संपलं.

पुढचं तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण हे पत्र कधी आईला वाचून दाखवायची वेळ आली तर तिलाही कळलं पाहिजे.

आपली पट्टी ज्या पॉलिमरची आहे ते एका तेलकट द्रवापासून होतं. त्यातले लहान रेणू एकाला एक जोडत लांब साखळी करायची. बहुतेक कारखाने हे काम कथिलाच्या संयुगानं, भरपूर तापवून करतात. आपण ते एन्झाइमनं केलं. आपल्या पोटात चरबी फोडणारं जे एन्झाइम असतं, त्याच्याच जातीचं, बारीक मण्यांवर बसवलेलं. आणि हे सगळं ज्यात चालतं ते माध्यम म्हणून कार्बन डायऑक्साइड घेतला. एका मर्यादेपलीकडे दाब आणि उष्णता नेली की तो ना धड वायू राहतो ना धड द्रव. वायूसारखा सगळीकडे शिरतो, द्रवासारखा विरघळवतो. काम झालं की झडप उघडायची, तो निघून जातो. मागे विषारी द्रावक नाही, वास नाही. तळाशी पांढरं, कोरडं पॉलिमर उरतं. पहिल्यांदा झाकण उघडलं तेव्हा आपण दोघं बराच वेळ नुसते पाहत उभे होतो. ते असो.

सगळं त्या कोरडेपणावर अवलंबून आहे. पाणी नसेल तर हे एन्झाइम जोडतं. पाणी मिळालं तर तेच एन्झाइम त्याच साखळ्या तोडतं. म्हणून पॉलिमर वितळवून जाळीतून गाळायचं आणि मणी काढून टाकायचे, अशी आपली पद्धत होती. जाळी तुंबायची, वेळ जायचा. नोव्हेंबरमध्ये तू म्हणालास, मणी राहू दे, उलट मातीत पडल्यावर पट्टी लवकर विरेल, गुंतवणूकदारांना सांगायला चांगलं आहे. तुझं म्हणणं चूक नव्हतं, अर्धं होतं. उरलेलं अर्धं मी लिहून दिलं. मणी ठेवायचे असतील तर बांधेपर्यंत पट्टी कोरडी राहिली पाहिजे. बांधल्यानंतरचं दव आणि झारीचं पाणी मी हिशेबात धरलं होतं. आधी बारदान्यात मुरलेलं पाणी धरलं नव्हतं, आणि तेवढं पाणी धरलं तर पट्टी टिकणारच नव्हती.

आपल्याकडच्या बाया पट्टी कुठे ठेवतात, हे मला कोणत्याही शोधनिबंधात वाचावं लागलं नाही. तुलाही नाही. ज्या फांदीवरून डोळे काढायचे ती डोळकाडी सुकू नये म्हणून बारदाना भिजवतात, त्यात डोळकाडी गुंडाळतात आणि पट्ट्यांचा गठ्ठाही त्यातच सरकवतात. सगळं एका हाताशी राहतं, आणि ओली पट्टी बोटावरून नीट सरकते. प्लास्टिकला पाण्याचं काही वाटत नाही, त्यामुळे ही सवय आजवर कुणाला नडली नाही. त्या बारदान्याशेजारी बसून आपण पाढे पाठ केले आहेत.

सूचनापत्रकात मी एक ओळ घातली होती: पट्टी ओली करू नये. छापून आलेल्या पत्रकात ती नव्हती. मी विचारलं तेव्हा तू म्हणालास, “पाण्याला भिणारी पट्टी शेतात कोण घेईल, हिमू? तोंडी सांगू.”

तोंडी कुणी सांगितलं नाही. सांगायचं राहून गेलं असणार, असं धरून मी हे पत्र लिहिते आहे.

आता मत. चूक झाली, कलमं गेली, याचा मला राग नाही. नव्या वस्तूचं पहिलं वर्ष असंच जातं. राग त्या एका वाक्याचा आहे, आणि त्यातल्या एका शब्दाचा. “अकुशल.” हा शब्द तू कुठून आणलास? आपल्या आजोबांपासून घरातल्या प्रत्येकाला कुणी ना कुणी तो ऐकवला आहे. ऐकवणारे कोण होते तेही आपल्याला माहीत आहे. आता तो आपल्या घरातल्या माणसानं टाइप केला, इंग्रजीत आणि मराठीत, आणि खाली सही केली. आईचं नाव लिहिलं नाही, एवढीच काळजी घेतलीस. पण सौंसरला यशवंतरावांच्या नर्सरीत कोण बांधतं, हे सांगायला नाव लागत नाही.

गेल्या रविवारी लोधीखेड्याला घरी गेले होते. आई भाकरी थापत होती. मी विषय काढला नव्हता, तिनंच काढला.

“माह्याच हातानं गलती झाली असंल. नवीन चीज होती. कसून बांधाले पाहिजे होती.”

“कोण म्हणालं?”

“कोन कशाले म्हनल? प्रफुल्लनं लिहून देल्लं नं. एवढा शिकला तो, खोटं काहून लिहीन?”

बाजारात कुणी विचारलं तरी ती हेच सांगते. हसून सांगते. “म्हातारी झाली मी, हात ढिला पडला.” तिचे हात मी पाहिले. काही ढिलं पडलेलं नाही.

मला तुझ्याकडून एवढंच हवं आहे. यशवंतरावांना पत्र लिही. अहवालातलं ते वाक्य चुकीचं होतं, दोष पट्टीत होता, बांधणीत नव्हता, असं त्यात लिही. ते पत्र त्याच ग्रुपवर जाऊ दे. बांधणीच्या टोळ्या नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पक्क्या होतात, हे तुला सांगायला नको.

फोन करू नकोस. फोनवर तू हसतोस, मी गप्प होते आणि विषय संपतो.

हिमानी


पांढुर्णा
२४ ऑक्टोबर २०२५

दादा,

पत्राला मेसेजनं उत्तर दिलंस, तेही तीन ओळींत. मी ते इथे उतरवते, म्हणजे आपण काय बोलतो आहोत याबद्दल दोघांचा गोंधळ होणार नाही.

“हिमू, इमोशनल होऊ नको. डिसेंबरमध्ये पुढची गुंतवणूक आहे, त्यानंतर अहवाल दुरुस्त करू. आणि तू करारावर सही केली आहेस, हे लक्षात ठेव.”

शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते.

मी सही केली ती प्रक्रियेच्या गुप्ततेवर. दाब किती, तापमान किती, मण्यांचं प्रमाण किती, हे मी कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. लायपेज, म्हणजे आपलं ते एन्झाइम, पाणी मिळालं की साखळी तोडतं, हे बी.एस्सी.च्या पुस्तकात आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी मी तेच दुसऱ्या वर्षाला शिकवलं. त्यावर तुझी मालकी नाही. तुला वकिलाकडे जायचं असेल तर जा. मी इथल्या कॉलेजात अतिथी विद्वान आहे, दर वर्षी नव्यानं नेमणूक होते. माझ्याकडून काढून घेण्यासारखं फारसं काही नाही.

डिसेंबरनंतर दुरुस्त करू, म्हणतोस. डिसेंबरनंतर अहवाल दुरुस्त होईल, हंगाम दुरुस्त होणार नाही. एकदा टोळी ठरली की दोन-तीन वर्षं तीच चालते. तू हे विसरला असशील असं मला वाटत नाही.

इमोशनल. मी सहा मुद्दे दिले होते. त्यातला कोणता इमोशनल आहे ते कळव.

मला मेसेज केलास त्याच दिवशी तू आईला फोन केलास. “आई, आता कामं बस झाली, पुण्याला ये, आराम कर.” तिनं मला सगळं सांगितलं. तू काय म्हणालास, त्यावर ती काय म्हणाली.

“मी म्हनलं, तिथं मी काय करू बापा? तुह्या गॅलरीतल्या गमल्याइले पट्ट्या बांधू?”

मग स्वतःच हसली. बाबाही हसले. मी हसले नाही. तू तिला आराम देऊ करतो आहेस की तिला तिथून हलवतो आहेस, हे मला कळलं नाही. तुला कळलं असेल.

दसऱ्याला ती दीक्षाभूमीवर गेली होती. येतो म्हणून तू सांगितलं होतंस. गेटाजवळ बराच वेळ थांबली. परत आल्यावर म्हणाली, कामाचा माणूस आहे, जमलं नसेल.

आता या पत्राचं खरं कारण.

परवा सौंसरच्या बस स्टँडवर गुलाबकाकू भेटल्या. त्यांना नागपूरला लेकीकडे जायचं होतं, मला पांढुर्ण्याला यायचं होतं. दोन्ही बसचा पत्ता नव्हता. मी त्यांना म्हणाले, काकू, पट्टी भिजवायची नाही हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही ना? सांगायचं राहून गेलं ना?

“राहून गेलं? बाई, तुले मालूम नाही का? प्रफुल्ल तं तिथंच उभा होता.”

“कुठे?”

“नर्सरीत! पयल्या दिवशी. संगं त्याच्या पुन्याचा पाव्हना होता, पांढऱ्या बुटाचा. फोटो काढून राहिला होता आमचे. मी म्हनलं, भाऊ, थांबा, पदर तं नीट घेऊ द्या.”

मी त्यांना पुढे बोलू दिलं. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

आईनं गठ्ठा सोडला. पट्टी बोटात घेऊन पाहिली आणि म्हणाली, मऊ हाय गं, लुगड्याच्या काठासारखी. गुलाबकाकू म्हणाल्या, “शांताबाई, पोरानं पट्टी आनली, सून कवा आनते?” सगळे हसले, तू पण हसलास. मग आई गठ्ठा बारदान्यात सरकवायला गेली आणि थांबली. तुला विचारलं.

“काय रे, भिजवू नं? का तुह्या पट्टीले सर्दी होते?”

गुलाबकाकू म्हणतात, तू पाव्हण्याकडे पाहिलंस. मग आईला म्हणालास, “भिजव नं आई. काही नाही होत.”

पाव्हण्यानं त्याचाही फोटो काढला.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, सांगायचं राहून गेलं असं धरते. ते वाक्य मागे घेते.

काही राहून गेलं नाही. तुला विचारलं गेलं. कंपनीतल्या कुणी नाही, यशवंतरावांनी नाही, तिनं विचारलं जिला विचारायची गरजही नव्हती. तिची पद्धत ठरलेली होती. तरी वस्तू नवी आहे, पोराची आहे, म्हणून तिनं हात थांबवला. एक शब्द पुरला असता. “नको.” पाव्हण्याला नंतर काहीही सांगता आलं असतं. तू तो शब्द बोलला नाहीस, कारण पांढऱ्या बुटांपुढे, म्हणजे तुझ्या गुंतवणूकदारापुढे, तुझी पट्टी पाण्याला भिणारी ठरली असती. आणि तीन महिन्यांनी तिच्या हाताला सदोष ठरवलंस.

मी हे वारंवार तपासलं. तू विसरला असशील का? माझं पत्र डिसेंबरचं, हे जानेवारीत. पत्रकातली ओळ तू स्वतः काढलेली. विसरायला मध्ये जागा नाही.

मी मे महिन्यात राजीनामा दिला तेव्हा कारण “वैयक्तिक” असं लिहिलं. तू विचारलंस, कुणी मुलगा वगैरे आहे का. मी हो म्हणाले असते तर तुला बरं वाटलं असतं. अहवाल मी तुझ्या टेबलावर वाचला होता, तू जेवायला गेला होतास तेव्हा.

तू मला सायकलवर मागे बसवून सौंसरला परीक्षेला नेत होतास. मूलद्रव्यांची सारणी मी त्या रस्त्यावर पाठ केली, तुझ्या पाठीमागे बसून, एकेका वळणाला एकेक ओळ. आपल्या मोहल्ल्यात मुलीनं रसायनशास्त्र घ्यावं म्हणून बाबांशी भांडणारा तू एकटा होतास. यातलं काही मी विसरलेले नाही. म्हणूनच हे तुला लिहिते आहे, ग्रुपवर टाकत नाही.

गुलाबकाकूंनी बसमध्ये चढता चढता खिडकीतून विचारलं, “काहून गं, पट्टी भिजवली म्हून झालं का हे सारं?”

मी म्हणाले, “बघते काकू.”

“आमी तं समजून राहिलो होतो का आमचंच चुकलं,” त्या म्हणाल्या. बस निघून गेली.

आईला हे अजून माहीत नाही. तिनं तुला विचारलं होतं एवढं तिला आठवत असेलच. त्याचा अर्थ माहीत नाही.

हिमानी


लोधीखेडा
३ नोव्हेंबर २०२५

दादा,

तुझ्याकडून काहीही आलं नाही. मागच्या पत्राचा फोटो व्हॉट्सॲपवरही पाठवला होता, त्यावर दोन निळ्या खुणा आल्या, त्या मी उत्तर धरत नाही.

पट्टी कशानं सुटली ते आता आईला माहीत आहे. मी सांगायचं ठरवलं नव्हतं. कसं झालं ते लिहिते.

माझ्याकडे त्याच बॅचचं एक रीळ होतं. सांगोवांगीवर बोलायला मला आवडत नाही, म्हणून दोन आठवड्यांपूर्वी घरीच चाचणी लावली. इथलंच पाणी, इथलीच हवा. पडवीतल्या फळीवर तीन गोष्टी ठेवल्या. आपली पट्टी कोरड्या डब्यात, आपलीच पट्टी ओल्या बारदान्याच्या तुकड्यात, आणि साधं प्लास्टिक तशाच दुसऱ्या ओल्या तुकड्यात. बाबांना सांगितलं, कॉलेजचं काम आहे, रोज थोडं पाणी शिंपडा. त्यांनी शिंपडलं. का, ते विचारलं नाही.

शनिवारी संध्याकाळी मी बसमधून उतरून घरी आले, तर आई पडवीत खाली बसली होती आणि तिन्ही गोष्टी तिच्यापुढे मांडलेल्या होत्या. दिवाळीनंतरची झाडलोट करताना तिला बारदान्याचे तुकडे सापडले होते.

तिनं माझ्यादेखत प्लास्टिक दोन्ही हातांनी ताणलं. ते ताणलं गेलं. डब्यातली कोरडी पट्टी ताणली. तीही ताणली गेली. मग ओली उचलली. ताणायची गरज पडली नाही. बोटांत धरली तशी ती ओल्या पापडासारखी तुटली.

“हे काय हाय?” ती म्हणाली.

बाबा आतून म्हणाले, “हिमे, आता काहून उकरून राहिली ते? झालं तं झालं.”

“तुमी चूप बसा,” आई म्हणाली. त्यांच्याकडे न बघता.

मी तिला पहिल्या पत्रात तुला लिहिलं त्यातलं रसायनशास्त्र सगळं सांगितलं. जोडणारं आणि तोडणारं एन्झाइम एकच, कोरडं आणि ओलं, मणी, जाळी. तिनं मध्ये एकदाच विचारलं, “म्हंजे कसून बांधली असती तरी सुटली असती?” मी हो म्हणाले. “गुलाबनं बांधली तरी?” हो. “कोनीबी?” कुणीही बांधली असती तरी.

मला वाटलं, तिला बरं वाटेल. इतके महिने जे ती स्वतःवर घेत होती ते उतरलं. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. तिथे बरं वाटल्यासारखं काही दिसलं नाही. ती तुटलेले तुकडे एकावर एक ठेवत राहिली.

मग म्हणाली, “मी त्याले इचारलं होतं.”

“हो.”

“सर्दी होते का म्हनलं होतं मी. मजाक केली होती. पन इचारलं होतं.”

“हो, आई. गुलाबकाकूंनी सांगितलं.”

“तवा त्याले मालूम होतं का?”

माझं डिसेंबरचं पत्र माझ्या फोनमध्ये आहे, तारखेसकट. “ओके, नोटेड” असं तुझं उत्तरही आहे. फोन माझ्या हातात होता.

मी म्हणाले, “मला माहीत नाही.”

या सगळ्या प्रकरणात मी आईशी बोललेलं खोटं एवढंच. तुला वाचवायला बोलले नाही. तिच्या तोंडावर ते माझ्याकडून पडू नये म्हणून बोलले. ते उत्तर माझं नव्हतं.

ती उठली, हात धुतले आणि भाजी चिरायला घेतली.

काल सकाळी ती यशवंतरावांकडे निघाली. मी बरोबर गेले. मला वाटलं, ती सांगणार. नर्सरीत नवी टोळी यायची आहे, पिंपळ्याकडच्या बाया आहेत म्हणे. यशवंतराव ओट्यावर चहा पीत होते. तिला पाहून ते उभे राहिले, एवढं त्यांच्याबद्दल सांगायला हवं.

“शांताबाई, राग नको मानू. तुह्या हातची झाडं माह्या बागेत उभी हायेत, मी का नाही म्हनून राहिलो का? पन लिहून देल्लं ते तुह्याच पोरानं. साऱ्या ग्रुपनं वाचलं. उद्या कलम गेली तं लोकं मले म्हनतील, यशवंतराव, तुले वाचता येत नव्हतं का?”

मी तोंड उघडलं, तर तिनं माझं मनगट धरलं. घट्ट.

“दुसरं काही काम हाय का?” तिनं विचारलं.

“पिशव्या भराच्या हायेत. पन ते तुह्यासारखीनं...”

“भरतो नं.”

आणि ती मातीच्या ढिगाशी जाऊन बसली. जिथे नव्यानं आलेल्या पोरींना बसवतात तिथे. माती, शेणखत, पिशवी, ठोकायची, बाजूला ठेवायची. देवकाबाई आधीच तिथे बसलेली होती. मी दुपारपर्यंत तिथे उभी होते. एक-दोनदा रस्त्यानं ओळखीचे लोक गेले. त्यांनी पाहिलं. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

परत येताना मी विचारलं, “का नाही सांगितलंस? तुझ्याकडे पुरावा होता. घरात फळीवर पडला आहे.”

“मी सांगू, का पट्टी माह्या पोराची खराब होती?”

“खरं आहे ते.”

“असंल. त्याच्या तोंडून येऊ दे.”

“आणि नाही आलं तर?”

बरंच चालल्यावर म्हणाली, “त्याले मालूम नसंल तं काही नाही. चुकते मानूस. मले तेवढंच पाहिजे, मालूम होतं का नव्हतं.”

तिनं अजून तुला फोन केलेला नाही. फोन जवळ घेऊन बसते, पण करत नाही. तू करशील म्हणून थांबली आहे, की उत्तराला भिते आहे, मला सांगता येत नाही.

म्हणून आता माझं म्हणणं थोडक्यात लिहिते.

पहिलं, यशवंतरावांना पत्र. मजकूर मी सोबत टाइप करून पाठवते आहे, चार वाक्यांचा. त्यात गुंतवणूक, मणी, मी, यातलं काहीही नाही. पट्टी ओली ठेवली तर सैल पडते, ही माहिती कंपनीनं दिली नव्हती, बांधणीत दोष नव्हता, एवढंच. सही तुझी हवी.

दुसरं, आईच्या प्रश्नाचं उत्तर. ते मला नको, तिला दे. फोनवर दे किंवा येऊन दे. हो असेल तर हो म्हण. कारणं पाठीमागून सांग, आधी नको. तिला खोटं सांगायचं ठरवलंस, तर एवढं लक्षात ठेव की मी तुझ्या बाजूनं दुसऱ्यांदा खोटं बोलणार नाही.

सोमवारी, १० तारखेला, यशवंतराव टोळी पक्की करतात. तोवर तुझं पत्र आलं नाही, तर त्या सकाळी मी माझं डिसेंबरचं पत्र आणि तुझं उत्तर घेऊन त्यांच्या ओट्यावर जाईन. आई नको म्हणेल, तरी जाईन. मग तिच्या प्रश्नाचं उत्तर तिला तिथे कळेल, मातीच्या ढिगाशी बसलेली असताना, लोकांसमोर, माझ्या तोंडून. तसं होऊ नये असं मला वाटतं. तुलाही वाटत असावं.

हे पत्र स्पीड पोस्टनं पाठवते आहे, गुरुवारपर्यंत तुला मिळेल. मी शनिवार-रविवार लोधीखेड्यालाच आहे. आई दोन्ही दिवस घरी आहे.

रविवार, ९ नोव्हेंबरपर्यंत उत्तर दे.

हिमानी